बॉबिन आत बसते, पण चालते का? शिलाई मशीनसाठी नेमकी बॉबिन निवडताना

बॉबिन म्हणजे मशीनचा खालचा दोरा गुंडाळायची छोटी फिरकी. दुकानात जाऊन "दोन बॉबिन द्या" म्हटलं की समोरून प्रश्न येतो, "कुठल्या मशीनच्या?" गिऱ्हाईक सांगतं, "साध्या. घरच्या मशीनच्या." नाशकात मेन रोडला विचारा नाहीतर रविवार कारंज्याला, "साधं मशीन" म्हटल्यावर हातात पडते ती बहुतेकदा काळ्या पायडलच्या मशीनची स्टीलची बॉबिन. घरी मात्र असतं वरून बॉबिन टाकायचं पांढरं मशीन. बॉबिन आत बसते, फिरतेही. दोन ब्लाउज होईपर्यंत सगळं ठीक वाटतं. मग खालून खडखड सुरू होते, टाका कुठे घट्ट तर कुठे सैल पडतो. आधी दोरा बदलून होतो, मग सुई, आणि शेवटी मशीन दुरुस्तीला जातं. एका कटिंग चहाच्या पैशात येणाऱ्या वस्तूकडे कुणाचं लक्षच जात नाही.

घोळ होतो तो मापामुळे. घरगुती मशीनच्या बहुतेक बॉबिनचा व्यास जवळपास सारखाच, २० मिलिमीटरच्या किंचित पुढे असतो. फरक असतो उंचीत, आणि तो एखाद-दोन, फार तर तीन मिलिमीटरचा. तळहातावर दोन बॉबिन शेजारी ठेवल्या तरी चटकन कळत नाही. मशीनला मात्र पहिल्या टाक्यापासून कळतो.

एवढासा फरक इतका का छळतो

येवल्याला पैठणीच्या मागावर पाहिलं असेल, तर धोट्यात आडव्या दोऱ्याची कांडी असते आणि धोटा ती घेऊन या कडेपासून त्या कडेपर्यंत जातो. सुरुवातीच्या शिलाई मशिनांतही असंच होतं. होडीच्या आकाराचं शटल लांबट बॉबिन पोटात घेऊन मागेपुढे धावायचं. आजच्या मशिनात गोष्ट उलटी आहे. बॉबिन आपल्या जागी राहते आणि वरचा दोरा तिला प्रदक्षिणा घालतो.

हे एकदा डोळ्यांनी बघण्यासारखं आहे. मशीनचा प्लग काढा, खालचं झाकण किंवा सरकपट्टी उघडा आणि हातचाक अगदी हळू आपल्याकडे फिरवा. सुई तळाला जाऊन जरा वर आली की तिच्या नेढ्याजवळ दोऱ्याचा बारीक फास पडतो. शटलचं (आजच्या मशिनात सुईखाली फिरणाऱ्या आकड्याचं) टोक तो फास उचलतं, मोठा करतं आणि अख्ख्या बॉबिन केसभोवती, म्हणजे बॉबिन ज्यात बसते त्या डबीभोवती, फिरवून सोडून देतं. दर टाक्याला हे घडतं. म्हणजे केसच्या पुढून, मागून, सगळीकडून दोरा निसटायला वाट हवी. म्हणूनच केस कुठेही स्क्रूने पक्की बसवलेली नसते. ती शटलमध्ये तरंगल्यासारखी असते आणि तिचं एक बोट खाचेत अडकून तिला फक्त गोल फिरण्यापासून रोखतं.

बॉबिन उंच निघाली तर ती केसच्या तोंडाबाहेर किंचित डोकावते. फिरणारा फास तिथे घासतो, अडकतो, दोरा तुटतो. बुटकी निघाली तर केसमध्ये वरखाली उड्या मारते आणि प्रत्येक उडीला दोऱ्याचा ताण बदलतो. उंच बॉबिनचा त्रास लगेच कळतो. बुटकी जास्त फसवी, कारण ती चालते, फक्त वाईट चालते.

कोणते प्रकार बाजारात भेटतात

सगळ्यात जास्त दिसते ती क्लास १५. सिंगरच्या १५ नंबरच्या मॉडेलवरून हे नाव पडलं. व्यास सुमारे २०.३ मिमी, उंची सुमारे ११.७ मिमी, दोन्ही टोकांच्या चकत्या सपाट. पायडलच्या साध्या काळ्या मशिनांपैकी बहुतेकांना हीच लागते, आणि तिथे ती भोकं पाडलेल्या स्टीलच्या रूपात मिळते. पुढून केस घालायच्या आजच्या इलेक्ट्रिक मशिनांतही हेच माप चालतं. सिंगर प्रॉमिस १४०८ हे त्यातलं एक. वरून बॉबिन टाकायचं सिंगर हेवी ड्यूटी ४४२३ सुद्धा क्लास १५ च घेतं, पण पारदर्शक प्लास्टिकची. माप एकच आणि धातू-प्लास्टिक वेगळं, हे इथे नीट लक्षात घ्या. पुढे काम पडेल.

तिची चुलत बहीण १५-जे. जानोमच्या बऱ्याच मशिनांना ही लागते. उंचीत फरक नगण्य, चकतीची कड मात्र जराशी गोलसर. दुकानदार दोन्ही एकाच डब्यातून काढून देतात आणि पुष्कळदा काम निभतंही. वरून टाकायच्या मशीनला मात्र १५-जे सांगितली असेल तर तीच घ्यावी, कारण तिथे बॉबिन ज्या वाटीत बसते तिचा तळ त्याच आकाराचा असतो.

क्लास ६६ ही सिंगरच्या ६६ नंबरच्या मशीनची. व्यास तोच, उंची ११ मिमीच्या आसपास आणि चकत्या बाहेरच्या बाजूला फुगीर. आजोळहून आलेलं जुनं सिंगर घरात असेल, आणि त्यात बॉबिन वरून, सरकपट्टीखाली टाकायची असेल, तर हिचा विचार करा. क्लास १५ आणि ६६ यांची अदलाबदल ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे.

एल बॉबिन दिसायला क्लास १५ सारखीच, पण उंची सुमारे ८.९ मिमी. कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीच्या मशिनांत हीच मोठ्या प्रमाणावर चालते, आणि दोरा आधीच भरलेली पाकिटातही मिळते. एम बॉबिन या सगळ्यांत थोराड, व्यास सुमारे २५ मिमी. ती मोठ्या क्विल्टिंग, म्हणजे गोधडी शिवायच्या मशीनची. घरी तिचं काम नाही.

ब्रदरवाल्यांनी वेगळी खूणगाठ बांधावी. त्यांच्या बहुतेक घरगुती मशिनांना ११.५ मिमी उंचीची बॉबिन लागते, पण काही मॉडेलांना ९.२ मिमीची. "ब्रदरची द्या" एवढं सांगून भागत नाही, उंची सांगावी लागते. फाफ, बर्निना, हुस्कवर्ना यांची बरीच मॉडेलं आपापल्या मापाची बॉबिन मागतात. तिथे मॉडेल नंबर पाहून कंपनीचीच घ्यावी.

टेलरिंगच्या दुकानात आणि गारमेंट युनिटमध्ये जी वेगवान मशिनं असतात, ज्यांना कुठल्याही कंपनीचं असो सरसकट "जुकी" म्हणतात, त्यांची बॉबिन ॲल्युमिनियमची, व्यास २१ मिमीच्या जवळ आणि उंची ९ च्या आसपास. ती हलकी का, तर मशीन झटक्यात थांबलं की जड बॉबिन स्वतःच्याच वेगाने फिरत राहते आणि आत दोऱ्याचे वेटोळे सुटतात. त्याच कारणाने या केसच्या पोटात एक पातळ पट्टीची स्प्रिंगही असते, ब्रेकसारखी. घरगुती काळ्या मशीनच्या केसमध्ये ती नसते. अंब्रेला, लिंक अशा मॉडेल-नावांनी मिळणाऱ्या मशिनांसाठी नावावर विसंबूच नका. जुनी बॉबिन, आणि जमलं तर केससुद्धा, खिशात टाकून दुकानात जा.

जाता जाता, कापडाच्या कडा शिवायच्या ओव्हरलॉक मशीनला बॉबिन नसते. तिथे खालून लूपर नावाचे आकडे दोरा देतात. गोण्यांची तोंडं शिवायचं हातातलं मशीन तर एकाच दोऱ्यावर साखळी टाका घालतं. म्हणून त्याचं एक टोक सापडलं की अख्खी शिवण सर्रकन उसवते.

आपल्या मशीनला कोणती लागते, ते शोधायचं कसं

पहिली जागा पुस्तिका. सुट्या भागांच्या पानावर बॉबिनचा प्रकार किंवा भाग क्रमांक असतो. पुस्तिका हरवली असेल तर मशीनच्या मागच्या किंवा खालच्या पट्टीवर मॉडेल नंबर सापडतो, आणि कंपनीच्या संकेतस्थळावरून पुस्तिका उतरवून घेता येते. वरून टाकायच्या काही मशिनांत बॉबिनजवळच्या झाकणावर दोरा ओवायचं चित्र असतं. मापही तिथे लिहिलेलं असेल असं धरून चालू नका.

काळ्या पायडलच्या मशीनची पुस्तिका बहुधा कुणाकडेच नसते. तिथे मोजणं आलं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला असलेलं माणूस घरात किंवा शेजारी असेल, तर व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) मागून घ्या. नाशकात ही सोय सहज होते. मशीनसोबत आलेली मूळ बॉबिन घ्या, दोरा पूर्ण काढा आणि आधी उंची मोजा, या चकतीच्या बाहेरच्या कडेपासून त्या चकतीच्या बाहेरच्या कडेपर्यंत. मग व्यास. तीन वेगवेगळ्या जागी मोजा. आकडे जुळले नाहीत तर बॉबिन वाकलेली आहे, तिला प्रमाण मानू नका.

व्हर्नियर नसेल तर साधी पट्टीही पुरते, फक्त एकट्या बॉबिनवर ती लावू नका. एकाच प्रकारच्या पाच बॉबिन एकमेकींवर रचा, चळतीची उंची मोजा आणि पाचाने भागा. क्लास १५ च्या पाचांची चळत साधारण ५८ ते ५९ मिमी भरते. एलची ४४ ते ४५, ब्रदरच्या ९.२ वालीची ४६. एका बॉबिनमधला न दिसणारा फरक पाचांत सेंटिमीटरभर होतो. क्लास ६६ ची चळत मोजायचीही गरज नाही. चकत्या फुगीर असल्याने ती रचतानाच डुलते.

केसमध्ये घालून बघायची परीक्षा मापानंतर घ्यावी, मापाऐवजी नाही. रिकामी बॉबिन केसमध्ये टाका. चकतीची कड केसच्या काठाच्या जराशी आत किंवा बरोबरीला असली पाहिजे, वर नाही. केस कानाजवळ धरून हलवा. किंचित हालचाल हवीच, खुळखुळा नको. मग बोटाने फिरवून बघा. कुठेही न अडकता फिरली पाहिजे.

धातूची की प्लास्टिकची

यावर वाद घालण्यापेक्षा मशीनसोबत जी आली तीच घ्यावी. वरून टाकायच्या मशीनला प्लास्टिकची दिली असेल, तर त्याला कारण असतं. अशा अनेक मशिनांत बॉबिनची वाटी लोहचुंबकाजवळ बसते आणि स्टीलची बॉबिन तिकडे ओढली जाते. शिवाय वाटी प्लास्टिकची असल्याने स्टीलची कड तिला हळूहळू ओरखडते. त्या ओरखड्यात पुढे दोरा अडकू लागतो आणि तेव्हा बॉबिन नाही, वाटी बदलावी लागते. पारदर्शक बॉबिनचा आणखी एक उपयोग म्हणजे झाकणातून दोरा किती उरला ते दिसतं. ज्या मशिनांत दोरा संपत आल्याची सूचना देणारा सेन्सर असतो, तिथे तर स्टीलची बॉबिन घालूच नये.

उलट बाजूने, काळ्या मशीनच्या स्टीलच्या केसमध्ये प्लास्टिकची बॉबिन घातली तर लगेच काही मोडत नाही. पण प्लास्टिक हलकं, स्टील जड, त्यामुळे दोरा सुटायचा जोर बदलतो आणि ताण पुन्हा जुळवावा लागतो. एका मशीनला एकच जात ठेवा. आज स्टील, उद्या प्लास्टिक असं केलं की केसचा स्क्रू रोज फिरवत बसावं लागतं.

दुकानात उभ्या-उभ्या करायची तपासणी

डझनाचं पाकीट घेतलंत तरी त्यातली प्रत्येक बॉबिन तपासा. स्वस्त मालात डझनात दोन-तीन तरी बिघडलेल्या निघतात आणि त्याच पुढे वेळ खातात.

काउंटरच्या काचेवर बॉबिन कडेवर उभी करून हळूच घरंगळवा. सरळ गेली पाहिजे. लंगडत, झोकांड्या खात गेली तर चकती वाकलेली. मग कडेवरून नखाची पाठ फिरवा. नख जिथे अडलं तिथे दोराही अडणार. आणखी नाजूक परीक्षा हवी असेल तर कापसाचा बोळा किंवा रेशमी दोऱ्याचं टोक कडेवर फिरवा. धातूच्या बॉबिनच्या भोकांच्या आतल्या कडाही बघा, पत्रा ठोकून पाडलेल्या भोकांना तिथे बारीक दाते राहतात. प्लास्टिकच्या बॉबिनला मधे, दोन साचे जिथे जुळतात, तिथे उंचवटा राहिलेला असतो का ते पाहा.

मधलं भोकही महत्त्वाचं. वाइंडरच्या, म्हणजे बॉबिन भरायच्या भागाच्या, दांडीवर बॉबिन हलकी दाबून बसली पाहिजे. सैल बसली तर भरताना घसरते आणि दोरा एका बाजूला डोंगरासारखा साचतो. तुमच्या मशीनची दांडी दुकानात नेता येत नाही, म्हणून घरची चांगली बॉबिन सोबत न्या आणि दोन्हींची भोकं समोरासमोर धरून उजेडात बघा.

"युनिव्हर्सल, सगळ्या मशीनला चालते" असं पाकिटावर छापलेलं असेल तर ते बाजूला ठेवा. वर दिलेली मापं पाहिल्यावर अशी बॉबिन असूच शकत नाही, हे वेगळं सांगायला नको.

भरण्यातली चूक आणि तिचा दोष बॉबिनला

बरोबर मापाची बॉबिन चुकीची भरली तर ती चुकीच्या मापाच्या बॉबिनसारखीच वागते. म्हणून हा भाग जरा सावकाश वाचा.

१. आधी जुना दोरा पूर्ण काढा. उरलेल्या दोन मीटरवर नवा रंग चढवायची सवय सगळ्यांना असते, पण खालचा थर असमान असतो आणि वरचा त्यावर तसाच चढतो.

२. काळ्या मशीनवर हातचाकाच्या मधला गोल स्क्रू सैल करा, म्हणजे चाक फिरेल पण सुई हलणार नाही. आजच्या मशीनवर वाइंडरची दांडी सरकवली की बहुधा हे आपोआप होतं.

३. रिळाचा दोरा वाइंडरच्या ताणाच्या चकतीतून नेमका ओवा. ही छोटी चकती मशीनच्या माथ्यावर असते, काळ्या मशीनवर खाली पाटाजवळ. दोरा तिच्या दोन पत्र्यांच्या मधून गेला पाहिजे, वरून नाही. भरलेली बॉबिन बोटाने दाबली आणि स्पंजासारखी लागली, तर दोरा या चकतीतून गेलेलाच नाही असं समजा.

४. दोऱ्याचं टोक बॉबिनच्या भोकातून आतून बाहेर काढा, बॉबिन दांडीवर बसवा, टोक धरून ठेवा आणि आठ-दहा वेढे हळू घ्या. मग थांबून ते टोक चकतीला लागून कापा. बाहेर लोंबतं टोक राहिलं तर ते शिवताना शटलमध्ये जातं.

५. मध्यम वेगाने भरा. पायडलवर बसून धाडधाड भरण्याचा मोह आवरा. पॉलिस्टरचा दोरा वेगात ताणला जातो आणि ताणलेलाच बॉबिनवर बसतो. शिवणीत गेल्यावर तो आखडतो आणि कापडाला बारीक चुण्या पडतात. क्रेप, जॉर्जेट, पातळ अस्तर यांवर तर हमखास. प्लास्टिकच्या बॉबिनवर हाच ताण चकत्यांना बाहेर ढकलतो. मग ती केसमधून निघता निघत नाही आणि दोष प्लास्टिकला मिळतो.

६. काठापासून दीड-दोन मिलिमीटर रिकामं ठेवा. काठोकाठ भरलेल्या बॉबिनचे बाहेरचे वेढे केसला घासतात.

काळ्या मशीनच्या वाइंडरची रबरी रिंग चाकाला टेकून फिरते. तिला तेल लागलं किंवा ती गुळगुळीत झाली की घसरते आणि बॉबिन थांबत-थांबत भरते. ही रिंग सुटी मिळते, काढून नवी चढवायला मिनिटही लागत नाही. दोरा एकाच टोकाला साचत असेल, तर ताणाची चकती बॉबिनच्या मधोमध समोर आहे का ते बघा आणि तिचा स्क्रू सैल करून किंचित सरकवा.

किती दोरा लागेल याचा अंदाज असा. साध्या टिपेला वरखाली मिळून शिवणीच्या सुमारे अडीचपट दोरा जातो, त्यातला निम्मा खालून. म्हणजे एक मीटर टिपेला बॉबिनवरचा साधारण सव्वा मीटर. साडीच्या कडेला लांबलचक टीप घालायची असेल, तर अर्धवट बॉबिनवर सुरुवात करू नका. मधे जोड आला की तो पदरावरच दिसायचा, हा अनुभव प्रत्येक फॉल लावणाऱ्या बाईला आहे.

बसवणं आणि ताण

पुढून केस घालायच्या क्लास १५ च्या मशीनमध्ये केसचं उघडं तोंड आपल्याकडे धरून दोरा ओढला की बॉबिन सहसा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरली पाहिजे. वरून टाकायच्या मशीनमध्ये सहसा उलट. तिथे बॉबिन समोर धरली की लोंबता दोरा डावीकडून खाली यावा, इंग्रजी पी अक्षरासारखा. पुस्तिकेत वेगळं चित्र असेल तर पुस्तिकेचं ऐका. दोरा खाचेतून सरकवून ताणाच्या पातळ पट्टीखाली आणायचा, बारीक टक् असा आवाज येतो. तो पट्टीखाली गेलाच नाही तर खालचा ताण शून्य होतो. नव्याने शिकणाऱ्यांची निम्मी तक्रार इथली असते.

केस शटलमध्ये बसवताना खिट्टी सोडल्यावर स्पष्ट टक् ऐकू आलं पाहिजे. नाही आलं तर केस अर्धवट आहे, आणि पहिल्याच टाक्याला सुई तिच्यावर आदळून मोडेल. चाक हाताने दोन फेरे फिरवूनच मोटर किंवा पायडल चालवा.

ताण बघायची जुनी युक्ती आहे. भरलेली बॉबिन केसमध्ये घालून दोऱ्याचं टोक बोटांत धरा आणि केस हवेत लोंबू द्या. ती आपल्या वजनाने सरसर खाली येत असेल तर ताण सैल. जागची हलत नसेल तर मनगटाने हलका झटका द्या. इंच-दोन इंच खाली येऊन थांबली तर ठीक. झटक्यालाही ढिम्म असेल तर घट्ट. केसच्या बाजूचा बारीक स्क्रू उजवीकडे फिरवला की ताण वाढतो, डावीकडे कमी होतो. एका वेळी घड्याळातल्या पाच-दहा मिनिटांएवढंच फिरवा. फिरवण्याआधी स्क्रूच्या चिरेची दिशा मार्करने खूण करून ठेवा आणि खाली पांढरा रुमाल पसरा. तो स्क्रू ज्वारीच्या दाण्याहून लहान असतो, फरशीवर पडला की सापडत नाही.

मात्र स्क्रूला हात लावण्याआधी ताणाची पट्टी साफ करा. तिच्याखाली कापसाची लव साचते आणि पट्टी उचलून धरते, मग ताण आपोआप सैल होतो. जाड कागदाचा कोपरा पट्टीखालून सरकवून बाहेर ओढा. टाचणी किंवा सुई घालू नका, तिचा ओरखडा पुढे कायमचा दोरा तोडतो.

दोष कुणाचा ते ओळखणं

कापडाच्या खाली दोऱ्याचं जाळं झालं की पहिला संशय बॉबिनवर जातो. बहुतेक वेळा ती निर्दोष असते. खाली साचलेला गुंता वरच्या दोऱ्याचा असतो, कारण वरचा दोरा ताणाच्या चकत्यांत बसलेला नसतो. कापड दाबून धरणारा फूट वर उचलून दोरा पूर्ण काढा आणि पुन्हा ओवा. फूट खाली असताना ओवलं तर चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्यात जातच नाही. खालचा दोरा वर ठिपक्यांसारखा दिसत असेल, तर मात्र खालचा ताण सैल किंवा वरचा जास्त. दोन्हीकडे वेगवेगळ्या रंगांचे दोरे लावून चिंधीवर टीप घातली की लगेच कळतं.

टाका ठराविक अंतराने घट्ट-सैल, घट्ट-सैल होत असेल, तर तो खास बॉबिनचा दोष. वाकलेली चकती प्रत्येक फेऱ्यात एकदा अडखळते आणि ते अंतर शिवणीत उमटतं. दुसरी बॉबिन घालून त्याच चिंधीवर शिवा. लय नाहीशी झाली तर पहिली फेकून द्या. सरळ करून वापरायच्या नादी लागू नका. भरलेली बॉबिन नीट चालते आणि संपत आली की टाका बिघडतो, असं असेल तर सुरुवातीचे वेढे सैल बसलेले आहेत किंवा टोक आत अडकलंय. सगळ्याच बॉबिनवर एकच तक्रार येत असेल, तर बॉबिन सोडून केस तपासा. तिच्या तोंडावर, दोरा बाहेर येतो त्या जागी, वर्षानुवर्षांच्या घासण्याने खाच पडलेली असते. भिंगातून पाहिलं की केसासारखी रेघ दिसते. अशी केस घासून नीट होत नाही, बदलावीच लागते. आणि नवी केस घेताना तुमच्या बॉबिनच त्यात घालून बघा.

किती ठेवायच्या, कुठे ठेवायच्या

घरच्या शिवणाला दहा-बारा पुरतात. पांढऱ्या आणि काळ्याच्या दोन-दोन, बाकी जे रंग नेहमी लागतात ते. ब्लाउजची बाहेरची कामं घेणाऱ्यांनी वीस-पंचवीस ठेवाव्यात, म्हणजे रंग बदलायला दर वेळी बॉबिन रिकामी करावी लागत नाही. दोन वेगळी मशिनं असतील तर बॉबिनचे डबे वेगळे आणि झाकणावर मशीनचं नाव. वेगवेगळ्या मापांच्या बॉबिन एका डब्यात गेल्या की पुन्हा निवडत बसणं आलं. दोऱ्याची जाडी वेगळी असेल तर तीही चिठ्ठीवर लिहा. दोऱ्याच्या नंबरात सहसा आकडा जितका मोठा तितका दोरा बारीक, हे विसरायला होतं.

इगतपुरी, त्र्यंबककडच्या पावसात स्टीलच्या बॉबिनला आठवड्याभरात गंज धरतो. तो आधी मधल्या नळीवर, दोऱ्याखाली येतो, त्यामुळे दिसत नाही. कळतो तो पांढऱ्या अस्तरावर तपकिरी डाग उमटला की. पावसाळ्याआधी स्टीलच्या बॉबिन रिकाम्या करून कोरड्या फडक्याने पुसा, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. तेलाचा हात लावू नका, ते तेल दोऱ्यात उतरतं. गंजलेली बॉबिन पॉलिश पेपरने घासून परत वापरायची नाही. घासल्याने निकेलचा उरलासुरला मुलामाही जातो आणि पुढच्या पावसात ती आणखी लवकर गंजते.